सहीपुरता हात

कोर्टात जायच्या सकाळी कुंदाबाईंनी नवऱ्याला, सदाशिवरावांना, दाढी करायला लावली, इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून दिला आणि स्टीलच्या पेल्यात अर्धा पव्वा ओतून समोर ठेवला. साहेबांसमोर यांचे हात थरथरले तर कोर्टातली जुनी माणसं काय म्हणतील, एवढंच त्यांच्या मनात. मुलगी गौरी तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

अर्ज गौरीचा होता. वय चोवीस, रसायनशास्त्रात एम.एस्सी. पुसदच्या त्यांच्या गल्लीत सख्ख्या बापाविरुद्ध कोर्टात गेलेली ती पहिलीच मुलगी, आणि हे तिला ऐकवल्याशिवाय शेजारच्या काकूंना चहा गोड लागत नव्हता.

"पेत नाही असा माणूस कोनता व पोरी?"

"मले गावातली माणसं मोजायची नाहीत, काकू. मले माझे बाबा पाहिजेत."

सदाशिवरावांना मार्चमध्ये फिट आली होती. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर वर्ष काढणं कठीण. घरी एकदम बंद केली तरी जिवाला धोका, बंद करायची ती दवाखान्यातच. सदाशिवरावांनी दवाखान्याच्या नावानं हात झटकले. मग गौरीनं कायदा वाचून काढला. दारूनं मन बिघडलेल्या माणसाला तपासणीसाठी दहा दिवस दवाखान्यात ठेवायचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. त्या दिवसापासून तिनं एक वही सुरू केली: बाबांनी कधी घेतली, हात कधी थरथरू लागले, कधी थांबले.

साडेअकराला पुकारा झाला. सदाशिवराव ताठ चालत आत गेले. याच खोलीत एकतीस वर्षं ते स्टेनो होते, न्यायाधीशांचे हुकूम लिहून घ्यायचे. मॅजिस्ट्रेट मॅडम नव्या होत्या, पण शिपाई धावजी जुना. त्यानं न सांगता खुर्ची पुढं केली.

"मॅडम," सदाशिवराव म्हणाले, "अर्जदार माझी मुलगी आहे. तिचा राग नाही. पण मी शुद्धीवर आहे. संध्याकाळी दोन घोट घेतो, तो काही आजार नाही. हा हात बघा."

हात टेबलासारखा स्थिर होता.

गौरीच्या एकोणीस दिवसांच्या वहीत साडेअकराला हा हात एकदाही स्थिर नव्हता. तेवढ्यात तिला वेलचीचा वास आला; दारूचा वास दाबायला बाबा वेलची चघळत. तिनं आईकडं पाहिलं. आई पदराचं टोक गुंडाळत होती.

"आई, तू दिली?"

"मंग काय थरथरत उभं करू त्यांना?" कुंदाबाई पुटपुटल्या. "मान होता त्यांचा इथं."

ओरडावं असं गौरीच्या ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं एवढंच, "किती वाजता?"

"साडेनऊ."

मॅडमनी डॉक्टरांचं पत्र बाजूला ठेवलं. "हे मी वाचलं. पण समोरचा माणूस नाही म्हणतो आणि ठणठणीत दिसतो. नुसत्या कागदावर मी कुणाला अडकवून ठेवत नाही."

"मग आमचं प्रकरण शेवटी घ्या, मॅडम." गौरीनं वही उघडली. "शेवटच्या घोटानंतर साडेचार ते पाच तासांत हात सुरू होतात. एकदाही चुकलेलं नाही. आज साडेनऊला घेतली आहे. तीनला पुन्हा बघा. ॲम्ब्युलन्स बाहेर उभी आहे."

सदाशिवराव हसले. "बापावर प्रयोग करून राह्यली काय?"

"हो. लिहून ठेवलेलं कामी येते, हे तुम्हीच शिकवलं."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "तीन वाजता."

तिघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले. एक वाजता धावजीनं चहा आणला. "घ्या, स्टेनोसाहेब." सदाशिवरावांनी मुद्दाम बशी हातात धरून, गौरीकडं बघत, सावकाश प्यायला. दोनला धावजीनं पुन्हा आणला. या वेळी कप बशीवर वाजू लागला. त्यांनी तो बाकावर ठेवला आणि हात मांडीखाली दाबला.

"कुंदा, पाणी दे."

गौरीनं आपली बाटली पुढं केली.

"ते नाही. तुझ्या आईच्या पिशवीतलं."

गौरीला कळलं, सकाळचा उरलेला पव्वा पिशवीत होता. पिशवी ओढून घेता आली असती. ती जागची हलली नाही. आईकडं बघत राहिली.

कुंदाबाई पिशवी छातीशी धरून उठल्या. "नाही देत."

"काय?"

"नाही देत म्हटलं. अठरा वर्षं देत आली. ऑफिसात ताप आला म्हणून सांगत आली. मले आता होत नाही अन् मी करतही नाही."

"लोकांसमोर तमाशा करून राह्यली तू."

"करून राह्यली."

तीनला कुंदाबाई सगळ्यांच्या आधी आत गेल्या आणि बाटली मॅडमच्या टेबलावर ठेवली. "सकाळी मीच दिली, साहेब. त्याच्यावर उभे होते ते."

सदाशिवरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता. आवाज मात्र खणखणीत. "मी जाणार नाही. माझा नकार लेखी नोंदवा."

"नोंदवते," मॅडम म्हणाल्या. नव्या स्टेनोनं टाइप केलं, कागद काढला, त्यांच्यापुढं सरकवला. सदाशिवरावांनी तो वाचला आणि सवयीनं एक चूक दाखवली. मग पेन घेतलं. 'स' काढायला गेले, तर रेघ तीन ओळींवरून फरफटत गेली. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. आता दोन्ही हात हलू लागले.

धावजीनं हळूच शाईचा पॅड आणून ठेवला. त्याला फक्त मदत करायची होती.

"अंगठा?" सदाशिवराव कडाडले. "एकतीस वर्षं इथं लिहिलं मी! अंगठा लावणार नाही!"

"मग सही करा, बाबा," गौरी म्हणाली.

पेन टेबलावरून घरंगळून खाली पडलं. धावजी वाकला, पण मॅडमनी नको म्हणून खूण केली. मग त्यांनी हुकूम सांगायला सुरुवात केली. यवतमाळचा सरकारी दवाखाना, दहा दिवस.

ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर सदाशिवराव वळले. "सुटलो की अपील करीन. तुझ्याविरुद्ध."

"करा. टाइप मी करून देईन. सही तेवढी तुमची लागेल."

सदाशिवराव धावजीचा हात झिडकारून, दांड्याला धरून स्वतःच वर चढले. मागून कुंदाबाई चढल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"ती वही मीट आधी," ते आतून म्हणाले.

गौरीनं मिटली नाही. घड्याळात पाहून तिनं वेळ लिहिली.