जुना व्रण

पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये ऋतिकाचं क्युरेटिंग झालं, पिशवी खरवडून साफ केली. त्यानंतर पाळी आलीच नाही. वर्षभराने कळलं, गर्भपिशवी आतून व्रणांनी चिकटली होती. डॉक्टर माधुरींनी दुर्बिणीने दोनदा ते व्रण सोडवले, गोळ्या दिल्या, आणि चौतिसाव्या वर्षी ऋतिकाला दिवस राहिले.

त्या दिवसापासून घर तिच्याभोवती आवळत गेलं. चौथा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंनी, नलिनीबाईंनी, जिना बंदच करून टाकला.

"खंय चललंस गो?"

"खाली. जरा पाय मोकळे करते."

"गॅलरीत कर मोकळे."

तिचं ऑफिस सुटलं. नवरा, नितेश, टिफिन घेऊन जायचा, आल्यावर तिच्या पोटावर हात ठेवून झोपायचा. सगळे खूश होते. तिलाच श्वास पुरत नव्हता.

सहाव्या महिन्याच्या सोनोग्राफीला नितेश गाडी लावायला गेला, तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "बाळाची वार जुन्या व्रणाला चिकटल्यासारखी दिसतेय. बाळंतपणात सुटली नाही, तर पिशवी काढावी लागेल. नितेशनाही समजावून सांगते."

"नको. मीच सांगते," ऋतिका म्हणाली.

सांगितलं नाही. पेढ्यांचा बॉक्स उघडा असलेल्या घरात ते कुठे ठेवायचं, तिला कळेना.

एका दुपारी भाजी निवडताना नलिनीबाई म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेचो नारळ मी आत्ताच बोललंय देवीक. एकट्या पोराक भावंड होया."

"दुसरी खेप नाही व्हायची, आई." आणि मग सगळंच तोंडातून निघून गेलं.

नलिनीबाईंचे हात थांबले. मेथीची जुडी त्यांनी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "नितेशाक सांगू नको. घाबरतलो तो."

आता निदान आई तरी पाठीशी उभ्या राहतील, असं तिला वाटलं होतं. उलट गॅलरीतलं उभं राहणंही बंद झालं.

तीन दिवस तिने तोंड मिटून काढले. चौथ्या दिवशी नितेश बूट काढत असतानाच तिने त्याला सांगितलं. तो एक बूट हातात घेऊन तसाच बसला.

"इतके दिवस एकटीच घेऊन बसलीस?"

"तू खूश होतास रे. कसं सांगणार?"

तो रडला. मग डॉक्टरांना फोन लावला आणि वहीत एकेक प्रश्न लिहून विचारला. रक्ताची सोय झाली, मोठं हॉस्पिटल ठरलं.

छत्तिसाव्या आठवड्यात सिझर झालं. वार सुटली नाही. मुलगी वाचली, ऋतिका वाचली, पिशवी गेली.

घरी सोडायच्या दिवशी नलिनीबाई पलंगाशी उभ्या राहिल्या. "गावात लोक इचारतले. काय सांगू?"

"खरं सांगा."

दुपट्यातली नात उचलून त्यांनी छातीशी धरली आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.