समीक्षा आडवी निघाली

कारागृह शिपाई व्हायचं तर मुलीची उंची एकशे पंचावन्न सेंटीमीटर लागते. शहाडच्या समीक्षाची उंची सकाळी तेवढी भरायची आणि संध्याकाळी केसभर कमी. आता माणूस काय सकाळ-संध्याकाळ वाढतो-घटतो का, असं तुम्ही म्हणाल. पण भरतीच्या पोरापोरींना विचारून बघा. रात्रभर झोपलं की पाठीचा कणा मोकळा होतो, उठून वावरलं की पुन्हा दबतो. म्हणून काठावरची पोरं मोजमाप होईपर्यंत अंथरूण सोडत नाहीत. समीक्षाच्या भरतीच्या क्लासमधल्या सरांनी तर तिला बजावलंच होतं, "ठाण्याला मैदानाच्या गेटपर्यंत आडवी. बसायचं नाही, मान उचलायची नाही."

तेव्हा त्या दिवशी सकाळी तिचे वडील धाकू आणि शेजारचा गोविंदा यांनी तिला गोधडीसकट उचललं आणि टेम्पोत ठेवलं. एरवी त्या टेम्पोतून कल्याणच्या मार्केटमधली भाजी ठाण्याला जायची. आज धाकूने कोथिंबिरीला सुट्टी दिली होती, पण कोथिंबिरीचा वास काही सुट्टीवर गेला नव्हता.

चाळीतून अशी वरात निघाल्यावर तुळसाकाकू बाहेर येणारच. "अगं बाई, काय झालं पोरीला?"

समीक्षाची आई मालन गडबडली. लेकीने तुरुंगातल्या नोकरीचा अर्ज भरलाय हे तिने चाळीत कुणाला सांगितलंच नव्हतं. बँकेची परीक्षा देतेय, असं सांगून ठेवलं होतं. आता बँकेच्या परीक्षेला कुणी गोधडीतून जात नाही.

"पोटात दुखतंय," ती म्हणाली.

"अपेंडिक्स असणार!" काकूंनी निदान करून टाकलं आणि धावत जाऊन ओव्याची पुडी आणून समीक्षाच्या मुठीत कोंबली. समीक्षा चादरीखाली हसून हसून गदगदत होती. "बघ, कशी कळवळतेय बिचारी," काकू म्हणाल्या.

टेम्पो निघाला. मालन मागे लेकीच्या उशाशी बसली. तिला हसू येत नव्हतं. खरं सांगायचं तर पोरीची उंची नाही भरली तर बरं, असंच तिच्या मनात होतं. काही वर्षांपूर्वी तिचा भाऊ गणू एका मारामारीत नाहक अडकला आणि काही महिने आत होता. मालन त्याला भेटायला जायची. दारावरची खाकीतली बाई कधी मान वर करून बघायची नाही. "पुढे व्हा, पुढे व्हा," एवढंच. एकदा मालनने भीत भीत विचारलं, "तो नीट जेवतो का हो?" त्यावर ती बाई अशी खेकसली की रांगेतल्या सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. तेव्हापासून तुरुंग म्हटलं की मालनच्या डोळ्यांपुढे चोर-दरोडेखोर येत नसत, ती बाई यायची. आपली हसरी पोर त्या बाईच्या जागी बसणार, या विचाराने तिला अन्न गोड लागत नव्हतं.

कशेळीचा पूल ओलांडला आणि बाळकुम नाक्याला गाडी अडकली. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे कोलशेतकडे वळणाऱ्यांची घुसाघुशी. धाकू खिडकीतून मान काढून हॉर्न वाजवत होता. त्याने काय होणार होतं ते त्यालाच ठाऊक. ताडपत्री तापली. खड्ड्यांनी समीक्षाची पाठ खिळखिळी झाली होती, त्यात आता मळमळायला लागलं.

"आई, बास झालं. मी उठून बसते."

मालन पदराने तिला वारा घालत राहिली.

"नाहीतरी तुला कुठे हवंय हे? अर्ज भरला त्या दिवसापासून तू माझ्याशी धड बोललेली नाहीस. मला काय कळत नाही का?"

मालनने नुसतं 'ऊठ बाळा' म्हणायचीच खोटी होती. कुणी तिला बोल लावला नसता. लेकीला पाणी पाजायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि घरी जाऊन बँकेची पुस्तकं पुढ्यात ठेवायची. शब्द अगदी ओठांवर आला. पण समीक्षाने डोळे मिटले होते आणि पाणी कानाकडे ओघळत होतं. भेटीच्या रांगेत आपल्याही डोळ्यांतून असंच पाणी यायचं, ते तिथल्या कुणी पाहिलं नव्हतं. ही पोर तिथे असती तर तिने पाहिलं असतं. रस्त्यात अनोळखी बाई रडताना दिसली तरी ही थांबून विचारते.

मालनने लेकीचा खांदा धरून खाली दाबला.

"पडून राहा."

"आई?"

"पडून राहा म्हटलं ना! गणूमामाच्या वेळी तिथे एक बाई माझ्याशी माणसासारखी बोलली असती ना, तर घरी येऊन दोन घास तरी गेले असते मला. तू बोलशील. आता मान उचललीस तर बघ!"

मग ती उठली, पदर खोचला आणि नाक्यावरच्या हवालदाराला तिने अशी हाक मारली की ट्रेलरवाल्यांनीसुद्धा हॉर्न थांबवले. "ओ दादा! पोरगी जेलच्या भरतीला चाललीय, वाट द्या!"

हवालदाराने ताडपत्री वर करून आत डोकावलं. "उंची का?"

"काठावर आहे," समीक्षा आडव्यानेच म्हणाली.

"मीपण असाच आलेलो, मामाच्या रिक्षात. पाय बाहेर," तो म्हणाला आणि शिट्टी फुंकत ट्रेलर बाजूला घ्यायला गेला.

मैदानाच्या गेटशी धाकूने लेकीला उभं केलं. ती आत गेली आणि हे दोघं जाळीला चिकटून राहिले. सकाळपर्यंत नापासाची वाट बघणारी मालन आता ओठांतल्या ओठांत देवाला विनवत होती आणि तिचं तिलाच नवल वाटत होतं. बऱ्याच वेळाने तंबूतून समीक्षा आली, छातीवर नंबर लावलेली. जाळीपर्यंत ती पळतच आली.

"भरली! काठोकाठ भरली, आई!"

मालन हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. जाळीतून जेवढी बोटं आत गेली तेवढ्यांनी तिने लेकीचा गाल चाचपला. धाकू उगाचच नाक पुसत होता.

"आता काय असतं?" मालनने विचारलं.

"आता आठशे मीटर धावायचं."

"मग इथे काय करतेस माझ्यापाशी?" मालन ओरडली. "धाव की!"