वर आल्यावरच सांगायचं

पाणबुडीतल्या माणसाला वाईट बातमी तो वर आल्यावरच सांगायची, हा आमच्या जहाजावरचा नियम. जळो तो नियम! घातला होता आमच्या दिग्दर्शकानं, वॉरननंच. त्याचे सिनेमे जगभर तुफान चालायचे, पण जीव रमायचा तो बुडालेल्या बोटींत.

त्या दिवशी तो चार किलोमीटर खोल चित्रीकरण करत होता आणि घरून फोन आला, त्याची बायको मर्ना गेली. जहाजावरून त्याच्याशी बोलायला मीच बसले होते. खालून त्याचा आवाज आला,

"मर्नाला सांग, बोटीत पियानो सापडलाय. तिच्याइतका बेसूर नक्कीच वाजणार नाही!"

मी हसले.

"अजून एक टेक घेऊ?"

"घे की."

तीन तासांनी तो वर आल्यावर मी सांगितलं. त्यानं फोनची वेळ विचारली.

"नियम माझाच," तो म्हणाला, "पण तू किती छान हसलीस गं."