पाच नंबरच्या गाडीची तार

मी एक जुनी तार आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! तार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कपडे वाळत घालायची तार येते, हे मला ठाऊक आहे. मी तसली नव्हे. मी मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकची तार. बारीक पोलादी धाग्यांचा घट्ट पीळ आणि एका टोकाला धातूचा छोटा मणी, असं माझं रूप. सध्या माझा मुक्काम एका प्रदर्शनातल्या काचेच्या पेटीत आहे. खाली मखमल, वर दिवा आणि चारी बाजूंनी काच. माणसं वाकून बघतात, चुकचुकतात आणि पुढच्या पेटीकडे सरकतात. पेटीला बारीकसं कुलूपही आहे. जणू काही मी संधी साधून पळच काढणार आहे!

पेटीखाली पाटी आहे, 'अज्ञात शिकाऱ्यांनी लावलेला फास'. रोज ही पाटी वाचून माझा जीव घुसमटतो. कारण यात अज्ञात काहीच नाही. मी कुठून आले आणि फास कशी झाले, हे एका माणसाने भर सभेत उभं राहून सांगितलं होतं. ते या पाटीपर्यंत का पोचलं नाही, तेच आज मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म याच देशातला, याच शहराबाहेरच्या कारखान्यातला. तिथल्या बायका यंत्रापुढे बसून दिवसभर गप्पा मारायच्या, त्यामुळे इथली भाषा मला जन्मापासून येते. त्या काळात इथल्या वर्तमानपत्रांत दूरच्या एका राष्ट्रीय उद्यानाबद्दल सारखं छापून यायचं. साऱ्या जगाने जपावं असं ते जंगल, पण शिकारीमुळे तिथली जनावरं भराभर कमी होत होती. शेवटी अनेक देशांची मिळून एक समिती झाली आणि तिने त्या जंगलाचं नाव 'धोक्यात' या यादीत घातलं. मग मदत गोळा झाली. त्या मदतीतून बारा मोटारसायकली निघाल्या. त्यांतल्या पाच नंबरच्या गाडीत मी होते. निरोपाला भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मी तर हवेतच होते.

तिकडे पाच नंबरची गाडी एका वनरक्षकाला मिळाली. तो इतका उंच होता की कचेरीत सगळे त्याला 'शिडी' म्हणत. गाडीवर बसला की त्याचे गुडघे हँडलला टेकायचे. पण काय चालवायचा! नाले, चढ, दगडगोटे, सगळं डोळ्यांत तेल घालून. वाटेत तो गाडीशी एकटाच बोलत राही. त्याची भाषा मी अशी ऐकून ऐकून शिकले. एकदा उतारावर रानडुकरीण आपली पिल्लं घेऊन अचानक आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, मी सगळा जोर लावला आणि चाक पिल्लांपासून वीतभर अंतरावर थांबलं. त्याने टाकीवर थाप मारली, "शाब्बास गं माझी!" थाप टाकीला मिळाली, पण शाबासकी माझी होती. ती मी अजून सोडलेली नाही.

तीन वर्षांनी माझ्या एका टोकाचे धागे सुटू लागले. नवी तार हवी होती. तार ती काय, गावातल्या कुठल्याही गॅरेजात मिळते. पण मदतीच्या करारात अट होती की, सुटे भाग मूळ कंपनीचेच, तेही समितीकडे अर्ज करून मागवायचे. कचेरीतल्या साहेबांनी अर्ज केला. मग कागदी घोडे नाचू लागले. आठ महिन्यांनी उत्तर आलं की अर्ज जुन्या नमुन्यात आहे, नव्या नमुन्यात करावा.

तोवर शिडीने माझं सुटलेलं टोक तांब्याच्या बारीक तारेने बांधलं आणि वरून बायकोची लाल नेलपॉलिश फासली. बायको चिडली. "मला कधी आणून दिली नाहीत ती, आणि माझीच बाटली गाडीला रिकामी करताय!" पण त्या लाल टोकावर मी आणखी एक वर्ष काढलं. पुढे कुणाची चेन गेली, कुणाचा प्लग गेला. एकेक करत बाराच्या बारा गाड्या शेडमध्ये ताडपत्रीखाली धूळ खात उभ्या राहिल्या. वनरक्षक पायी फिरू लागले. वर्षानुवर्षं अंधारात उभं राहणं काय असतं, ते मला तिथे कळलं.

एक दिवस साहेबांनी गावातल्या गॅरेजवाल्याला बोलावलं. "पाहुणे येणार आहेत. जे सडलंय ते काढून ने आणि शेड साफ कर." हा गॅरेजवाला म्हणजे शिडीच्या ताईचा नवरा, त्याचे दाजी. दाजींनी मला खेचून काढलं आणि गॅरेजातल्या खिळ्याला टांगलं. गॅरेज रिकामंच होतं. जंगलाचं नाव धोक्याच्या यादीत गेल्यापासून पर्यटक यायचे बंद झाले होते, आणि पर्यटकांच्या गाड्या नाहीत तर दाजींना काम कुठलं? घरात खाणारी तोंडं पाच. एका सकाळी दाजींनी मला खिळ्यावरून काढलं, माझ्या टोकाला फासाची गाठ मारली आणि जंगलात ओढ्याच्या वाटेवर एका झुडपाला बांधून ते निघून गेले.

ससा मिळावा एवढीच त्यांची अपेक्षा होती. ससा आला नाही. दुसऱ्या दिवशी रानकुत्र्यांची टोळी आली.

मित्रांनो, त्या जंगलात रानकुत्री अकराच उरली होती. पुढे चालणारी मादी त्यांची म्होरकी. तिचा पुढचा पाय माझ्यात पडला आणि तिने हिसका दिला. फासाचा स्वभावच वाईट. जितकं ओढाल तितका तो आवळतो. ती सुटायला धडपडत होती आणि मी तिच्या कातडीत रुतत होते. सैल व्हावं, तुटावं, काहीही व्हावं असं मला वाटत होतं. पण तारेला स्वतःहून सैल होता येत नाही. ती माझ्यात अडकली होती आणि मी तिच्यात. तिच्या गळ्यात एक पट्टा होता, ती कुठे आहे हे दूरवर कळवणारा. तोही मदतीतूनच आलेला. गळ्यात मदत आणि पायातही मदत, अशी ती बिचारी बसली होती.

टोळी तिला सोडून गेली नाही. बाकीची रानकुत्री शिकार करून यायची आणि तिला खायला तिच्यापुढे मांस ओकून टाकायची. तिसऱ्या दिवशी दुपारी शिडी आला. मागे जनावरांचे डॉक्टर. दोघांच्या बोलण्यातून मला कळलं की पट्ट्याने आपलं काम चोख केलं होतं. मादी हलत नाही, ताबडतोब बघा, असा निरोप पहिल्याच दिवशी परदेशातून कचेरीत आला होता.

"गाडी असती तर दोन तासांत आलो असतो, डॉक्टर," शिडी धापा टाकत म्हणाला. "दीड दिवस चालतोय मी."

डॉक्टरांनी तिला बेशुद्ध केलं. शिडीने पकडीने मला तोडलं. ती जगली, पण पंजा गेला. डॉक्टर तिच्याजवळ बसलेले असताना शिडीने मला ओढ्यात धुतलं. रक्त निघालं आणि खालून लाल टोक वर आलं. तांब्याची बारीक तार आणि नेलपॉलिश. कितीतरी वेळ तो मला नुसता बोटांवर फिरवत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

गावात परतल्यावर तो सरळ गॅरेजात गेला.

"दाजी, ही कुठून आली?"

दाजींनी बघितलं आणि मान खाली घातली. "तुझ्या साहेबानंच भंगार म्हणून दिली होती. सशासाठी लावली होती रे. आईशप्पथ, सशासाठी."

"पंजा गेला तिचा."

"मग काय करू मी? सांग ना! तुमचं जंगल वाचतंय आणि माझं गॅरेज मेलं."

दारात ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "कुणाला सांगणार आहेस का?" तिने विचारलं. शिडीने मला मुठीत धरलं. "तू सांगितलंस तर ह्यांना आत टाकतील. मग या घरात पाऊल ठेवू नकोस. मला भाऊ नव्हता, असं समजेन मी."

शिडीने मला खिशात टाकलं. पुढचे पंधरा दिवस मी त्या खिशात होते आणि तो स्वतःच्याच घरात कोंडल्यासारखा वावरत होता. जेवताना थांबायचा, बोलताना थांबायचा. सांगितलं तर ताई तुटते. नाही सांगितलं तर गाड्या तशाच सडणार आणि पुढच्या वेळीही तो दीड दिवस उशिराच पोचणार.

मग समितीचे पाहुणे आले. जंगलाला धोक्याच्या यादीत ठेवायचं की त्यातून कायमचं वगळायचं, आणि मदत कशाला द्यायची, हे त्यांना ठरवायचं होतं. साहेबांनी लांबलचक टेबलावर जंगलात सापडलेले फास मांडायला सांगितले. शिडीने खिशातून मला काढून त्यांत ठेवलं. समितीच्या प्रमुख माझ्याच देशातल्या एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी मलाच उचललं आणि विचारलं, "असल्या तारा येतात कुठून?" दुभाष्याने प्रश्न शिडीच्या भाषेत सांगितला. हा दुभाषा बारीक अंगाचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. साहेबांच्याच खात्यात त्याची नोकरी पक्की व्हायची होती.

साहेब म्हणाले, "बाहेरच्या शिकाऱ्यांच्या टोळ्या आणतात."

"नाही साहेब," मागून आवाज आला. शिडी उभा राहिला होता. "ही तुम्हीच पाठवलेल्या पाच नंबरच्या गाडीची तार आहे, बाई. मी स्वतः बांधलेलं टोक आहे हे. साध्या तारेसाठी दोन वर्षं अर्ज केले आम्ही. गाड्या उभ्या राहिल्या, तार भंगारात गेली आणि फास झाली. लावणारा माझा दाजी आहे. त्याचं पोट या जंगलावर होतं. त्याला जी व्हायची ती शिक्षा होऊ द्या. पण गाड्या चालू करायची परवानगी द्या आम्हाला. आम्ही वेळेवर पोचू."

दुभाष्याने साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. दुभाष्याने बाईंच्या भाषेत सांगितलं, "तो म्हणतो, ही कुठल्यातरी गाडीची तार आहे. असल्या तारा कुठेही मिळतात. आणि वनरक्षकांना आणखी मदत हवी आहे."

दोन्ही भाषा कळणारे आम्ही त्या खोलीत दोघंच होतो. एक दुभाषा आणि एक मी. मला तोंड असतं तर छत उडेल एवढ्याने ओरडले असते!

बाईंनी उठून शिडीचा हात हातात घेतला. "तुमचे मनापासून आभार," त्या म्हणाल्या. आपलं बोलणं पोचलं, असं शिडीला वाटलं. त्याचे डोळे भरून आले.

त्यानंतर चार महिने मी प्लास्टिकच्या पिशवीत, कारकुनाच्या टेबलावर होते. शिडी रोज येऊन विचारायचा, "पत्र आलं का?" एक दिवस त्यानेच कारकुनाला सांगितलं की तो सभेत काय बोलला ते त्याने ताईला जाऊन सांगितलं, आणि तिने दार लावून घेतलं. दाजी रोज पोलिसांची वाट बघत होते. कुणीच आलं नाही, कारण साहेबांनी तक्रारच केली नव्हती. शेवटी पत्र आलं. जंगल यादीत राहिलं. टोळ्यांना अडवायला उंच कुंपण मंजूर झालं आणि नव्या बारा मोटारसायकली. अटी पहिल्याच. शिडीने ते पत्र कारकुनाकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "माझ्या बोलण्याचं काहीच नाही?" कारकुनाने पत्र फायलीत लावलं. त्याच आठवड्यात प्रदर्शनासाठी मला इथे आणलं आणि या पेटीत ठेवलं.

गेल्या महिन्यात ओळखीचा चेहरा काचेजवळ आला. तो दुभाषा होता. आता अंगाने सुटलेला, खात्याचा बिल्ला लावलेला. त्याने माझी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग शेजारच्या टेबलावर पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही असते, ती ओढली आणि उभ्याउभ्याच लिहिलं. मला काचेतून सगळं दिसलं. 'ही समितीनेच दिलेल्या गाडीची तार आहे. वनरक्षकाने हे सगळं सांगितलं होतं. मी भीतीने ते तुमच्यापर्यंत पोचवलं नाही.'

पण हे त्याने शिडीच्या भाषेत लिहिलं. तेवढंच धैर्य त्याला झालं. ती भाषा इथे कुणालाच येत नाही. टेबलामागच्या बाईंनी ती अक्षरं कौतुकाने बघितली, त्याच्याकडे बघून गोड हसल्या आणि पान उलटलं.

मित्रांनो, कुणाला मदत कराल तेव्हा देऊन मोकळे होऊ नका. वर्षभराने जा आणि विचारा की चालतंय का, अडलंय कुठे. आणि उत्तर ज्याचं असेल त्याच्याच तोंडून ऐका. एवढं शहाणपण मला पेटीत पडून आलं आहे. पण माझं तुमच्याकडे आणखी एक मागणं आहे. माझं बोलणं इथवर तुम्हाला कळलं, म्हणजे शिडीची भाषा तुम्हाला येते. ती वही अजून टेबलावरच आहे. कधी इथे आलात तर ते पान काढा आणि टेबलामागच्या त्या बाईंना इथल्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा. तिकडे एका बहिणीचं दार अजून बंदच असेल, आणि तिचा भाऊ ज्यांच्यासाठी बोलला त्यांनी ते अजून ऐकलेलंच नाही.