खाली आलेला काटा

व्यंकटीच्या जीपचा हीटचा काटा खोटारडा आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. इंजिन गार असलं तरी तो वर चढायचा. मग व्यंकटी डॅशबोर्डवर टिचकी मारायचा आणि काटा मुकाट खाली यायचा. दुरुस्तीचं नाव काढलं की तो म्हणे, काटा खोटा, इंजिन खरं. त्या घरात माणसांच्या दुखण्यावरही हाच इलाज होता. कुणी कण्हलं की 'काही न्हाई होत' म्हणायचं, की झालं.

म्हणूनच तर पुतणीच्या हळदीपायी व्यंकटीच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, नांदेडचं डायलिसिस बुडवलं. लग्नघर सोडून मशीनला जाऊन पडायचं तिला पटेना. वर पाणी घोटभरच प्यायचा डॉक्टरांचा नेम विसरून पन्हंही प्याली. वऱ्हाड निलंग्याला गेलं, व्यंकटी त्याच्यासोबत गेला आणि इकडे सकाळी तिला अशी धाप लागली की आडवं होता येईना. दवाखान्यातून फोनवर सांगितलं, असाल तसे निघा.

जीप लेकीनं काढली. ज्ञानेश्वरी गाडी शिकलेली होती, पण शेत आणि बाजार एवढीच तिची धाव. निलंग्याहून बापानं फोनवर बजावलं, काटा चढला तर टिचकी मार, भेऊ नको. डिझेलचा काटाही सोबत चढला, नाहीतर हेडलाइट लावताच काटा हलला, तर अर्थिंगची वायर ढिली झाली समज, इंजिनाला काही नाही.

हिमायतनगर मागं पडलं आणि काटा चढायला लागला. तिनं टिचकी मारली. तो जरासा उतरला, पुन्हा चढला. तिनं डिझेलच्या काट्याकडं पाहिलं. तो जागचा हलला नव्हता. हेडलाइट लावून, बंद करून पाहिला, तरी हीटचा काटा एकटाच वर. म्हणजे वायर नव्हे.

थांबावं तर मायला उशीर, न थांबावं तर इंजिन जाम होऊन दोघी भर उन्हात रस्त्यावर. शेजारी मंजुळाबाई पुढं वाकून खोकत होती, खोकता खोकता श्वास ओढत होती. तो आवाज ऐकवत नव्हता.

"माय, कसं वाटून राहिलंय?"

"बरं हाय. तू समोर बघ."

भोकरच्या पुढं काटा लाल पट्टीला टेकला. माहूरच्या आईला ज्ञानेश्वरीनं नवस बोलून टाकला. आणि थोड्याच वेळात काटा उतरू लागला. भराभर उतरत पार तळाला जाऊन बसला. मायचा खोकलाही थांबला. डोळे मिटून, मान सीटला टाकून ती शांत बसली. बिचारीला डोळा लागला. ज्ञानेश्वरीचा जीव भांड्यात पडला. ती बरंच अंतर तशीच, हलक्या मनानं गाडी हाकत राहिली.

मग तिच्या ध्यानात आलं, की या खेपेला आपण टिचकी मारलीच नव्हती.

आता तापल्या लोखंडाचा वास आला. पायाखालचा पत्रा चटके देत होता. काट्याच्या वायरचं टोक इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात बसवलेलं असतं, बापानंच कधीतरी दाखवलं होतं. पाणीच उरलं नसेल तर ती सांगणार काय? तिनं गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बोनेटकडं जायच्या आधी मायकडं पाहिलं. मायचे ओठ निळे पडले होते. हाक मारली तर पापणी तेवढी हलली. ती झोपली नव्हती, थकली होती. खोकायचंही बळ उरलं नव्हतं.

ज्ञानेश्वरीनं बोनेट उघडलंच नाही. ती रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. नांदेडची एसटी करकचून थांबली. कंडक्टर शिव्या द्यायला उतरला आणि जीपच्या आत पाहून त्यानंच मंजुळाबाईला उचलायला हात लावला. वाटेतल्या एकाही थांब्यावर गाडी थांबली नाही, आणि थांबवा असं कुणी म्हणालंही नाही. ज्ञानेश्वरी मायच्या नाकापुढं हात धरून बसली. प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईल की नाही, याचं भय वाटत होतं.

दवाखान्यात आधी ऑक्सिजन लावला, मग मशीनवर घेतलं. दुपार कलताना ओठांवर रंग आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, धोका अजून टळलेला नाही, पण वेळेत आणलंत. तेवढ्यात व्यंकटीचा फोन आला. मागं वाजंत्री वाजत होती.

"काटा चढला व्हता का?"

"चढला व्हता. मंग आपोआप खाली आला."

"मंग झालं की. कशाला भेतीस?"

"बाबा, पाणी संपलं की काटा खालीच येतो. मायचा खोकलाबी असाच थांबला व्हता." आणि तिनं सगळं सांगितलं.

 व्यंकटी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तिच्याकडं फोन दे. कशी हाय, तिला इचारतो."

काचेपलीकडं माय डोळे उघडून तिच्याकडंच पाहत होती.

"न्हाई देत," ज्ञानेश्वरी म्हणाली. "ती बरं हाय म्हनंल. तुमी या."