चेंडूची वादी

थॉर्नक्लफच्या मैदानावरचा आमोस क्रॅब्ट्रीचा तो शेवटचा फुटबॉल सामना. उभी कारकीर्द एकाच गावाचा निळा सदरा अंगावर. मधली वर्षं लढाईनं गिळली ती सोडली, तर दुसऱ्या कुणाचा सदरा त्याच्या अंगाला लागला नाही. करंडक मात्र एकही नाही. तो आला तेव्हा गाव लीगच्या दुसऱ्या विभागात होतं. जाताना ते तिथंच असावं, एवढंच त्याचं देवाकडे मागणं. त्यासाठी आज जिंकायलाच हवं होतं. बरोबरी झाली तरी गाव खालच्या विभागात घसरणार होतं.

आणि खेळ रंगात यायच्या आधीच कप्तान आमोसचा उजवा गुडघा पिरगळला.

संघाचा मालिशवाला सेप बादली घेऊन धावला. गार पाण्याचा स्पंज, सगळ्या दुखण्यांवर त्याचं एकच औषध. "चल बाहेर, बाबा. उद्या रविवारी चॅपेलात प्रार्थनेला उभं राहून गायचंय ना तुला?"

"बसून गाईन," आमोस कण्हत म्हणाला. "पण आज दहा जणांवर टाकून जाऊ कुठं?"

बदली खेळाडू घ्यायची तेव्हा मुभा नव्हती. जायबंदी माणसानं डाव्या कडेला उभं राहायचं, म्हणजे समोरचा एक बचावातला बॅक तरी त्याच्यापाशी अडकतो. आमोस लंगडत तिथं गेला. बॅकनं त्याला खालीवर न्याहाळलं.

"आजोबा, खुर्ची आणू का?"

"आण की. येताना चहापण सांग."

बॅक खदखदून हसला आणि त्याला सोडून खुशाल मध्ये निघून गेला. समोरच्या खेळाडूच्या पायातला चेंडू आमोस इतका अलगद काढायचा, की तो बिचारा रिकाम्या पायानं धावतच राहायचा. त्या आमोसवर आज कुणी राखणही ठेवेना! हे त्याला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं.

पाऊस चालूच होता. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन धोंड्यासारखा जड झाला होता. आघाडीचा नेड ऑर्मरॉड डोक्यानं गोल मारण्यात एक नंबर, पण गेल्या शनिवारी चेंडूच्या शिवणीवरची वादी कपाळाला लागून त्याची भुवई फाटली होती. टाके अजून ओले होते. आज दोनदा चेंडू नेमका डोक्यावर आला आणि दोन्ही वेळा नेडनं मान फिरवली.

"नेड, टोपी घालून ये रे!" लोक ओरडले. आमोसची नजर मात्र त्या भुवईवर होती.

शेवट जवळ आला, अजून गोल नाही. तेवढ्यात डावीकडून कॉर्नर मिळाला. मारणारा धावत येत होता. आमोस म्हणाला, "राहू दे गड्या. मी इथंच तर आहे."

तो चिखलात गुडघे टेकून बसला. उठणं जमेल की नाही, त्यालाही ठाऊक नव्हतं.

"अरे, प्रार्थना उद्या कर!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मैदानाकडेच्या बांधावरचे सगळे प्रेक्षक हसले.

आमोसनं सदऱ्यानं चेंडू पुसला, वादी चाचपली आणि चेंडू फिरवून ठेवला. मग कोपऱ्याच्या काठीला धरून उठला.

"नेड! वादी माझ्याकडे!"

समोरच्यांना वाटलं, म्हातारा बरळतोय. नेडला मात्र कळलं, कपाळाला चेंडूची गुळगुळीत बाजू लागणार. त्यानं भुवईवरचा हात काढला.

दुखऱ्या पायावर सगळा भार टाकून आमोसनं डाव्या पायानं चेंडू मारला. वादीचा काच पायाला बसला. चेंडू गिरकी न घेता तरंगत गेला, नेडनं झेप घेतली, कपाळ पुढे केलं, आणि जाळी थरारली. आमोसला ते दिसलं नाही. तो पुन्हा चिखलात बसला होता. गावच्या आरोळीवरून त्याला समजलं.

दुसऱ्या दिवशी चॅपेलच्या दारात म्हाताऱ्या पिलिंगबाईंनी आमोसला गाठलंच. "काल गुडघे टेकून काय मागितलंस रे?"

"मागायला वेळ कुठं होता, बाई? चेंडूच फिरवत होतो."

"मग देवानं तेवढंच ऐकलं," म्हणत बाई आत गेल्या.

स्तोत्र सुरू झालं. सगळे उठले, आमोस बाकावर बसूनच गाऊ लागला. इतक्यात त्याच्या काखेत एक दणकट हात शिरला. जन्मात चॅपेलची पायरी न चढलेला नेड, भुवईवर कोरी पट्टी, हातात पुस्तक उलटं.

"ऊठ, कप्तान. मी धरतो," तो कानाशी पुटपुटला. "मला गाता येत नाही. तू गा."

आमोस उभा राहिला. त्याचा खर्ज छताला जाऊन भिडला.