डोंगराला पाजलेलं पाणी

आभाला डोंगरांचा कंटाळा आला होता. वीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाईला असा कंटाळा येणं बरं नव्हे, पण आला होता खरा. पावसाळा लागला की पनवेलच्या आसपासचं सगळं जग तिला फोन करायचं. कळंबोलीच्या पलीकडे कुणी टेकडी कापून प्लॉट पाडलेले असायचे, उरणकडे कुणी डोंगराच्या पोटात गोदाम घातलेलं असायचं, आणि "मॅडम, एकदा बघून जा ना," अशी विनवणी असायची. मॅडम जायच्या, बघायच्या, सांगायच्या. पुढच्या वर्षी तिथंच आणखी दोन मजले चढलेले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

या खेपेला मात्र कुणी बोलावलं नव्हतं. ती आपण होऊन निघाली होती, आणि गाडीत शेजारी तिचे वडील तोंड फिरवून बसले होते.

चारुदत्तांची उभी नोकरी मृदसंधारण खात्यात, माणदेशात गेली. तिकडं पाऊस पाहुण्यासारखा. आला की त्याला लवकर जाऊ द्यायचं नाही. डोंगराच्या अंगावर आडवे समतल चर खणायचे, पाणी अडवायचं, जिरवायचं, आणि खाली विहिरींना पाणी आलं की लोकांनी हार घालायचे. असे हार त्यांनी पुष्कळ घालून घेतले. पण आभाची आई गेली, ते लेकीच्या फ्लॅटवर नवीन पनवेलला आले, आणि दिवसचे दिवस खिडकीतून पार्किंग बघत बसले.

मग सोसायटीनं रविवारचं श्रमदान काढलं. आपटा गावाच्या वाटेवर खिंडवाडी म्हणून चार घरांची वस्ती आहे, तिच्या माथ्यावरचा डोंगर निवडला. म्हातारबा उठले, टोपी चढवली आणि लॅपटॉपपलीकडे काही न उचललेल्या लोकांकडून सबंध उन्हाळाभर चर खणून घेतले. "बाबा, उतार फार उभा आहे. इथं नका," असं आभा म्हणाली होती. "तुझा अभ्यास वालुकाश्माचा. हा सह्याद्री आहे," म्हणाले. तिनं पीएच.डी.साठी पचमढीचे वालुकाश्माचे कडे पालथे घातले होते, हे खरं. पण तिथला दगड पाणी पितो तरी. तरीसुद्धा उभ्या उतारावरची रेताड माती चार सरींत ओढ्यात जाते. इथं काळा कातळ. त्यावर मुरूम, त्यावर हातभर माती. जिरवलेलं पाणी कातळापाशी अडतं आणि वरचा सगळा थर निसरड्यावर बसतो. हे तिनं सांगितलं, एकदा. दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं तेव्हा वडील जेवायला बसले होते आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी भाकरी मागून घेतली होती. मग तिनं विषय सोडला.

काल सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. काठोकाठ भरलेले चर, खाली टाळ्या आणि फुलं. सगळ्यात वरच्या चराच्या वर गवतातून एक आडवी रेघ गेली होती. ती पायवाट असावी असं कुणालाही वाटलं असतं. आभाला तसं वाटलं नाही. सकाळी तिनं वडिलांना फोटो दाखवला. ते उठले आणि गाडीत येऊन बसले.

खिंडवाडीत डोंगराला अगदी चिकटून कमळाबाईंचं घर. घरात त्या, सून आणि सुनेचं तान्हं. मुलगा उरणला बंदरावर कामाला. पाऊस नुकता थांबला होता. चारुदत्तांना बघून कमळाबाईंनी पदर सावरला.

"या सायेब. बरं झालं आलाव. मागं या, तुमाला एक दाखवायचं हाय."

घराच्या मागच्या भिंतीलगत डोंगराच्या पायथ्याला पाणी फुटलं होतं. कमळाबाईंनी खाली हंडा लावला होता.

"जलमात कदी इथं पानी नवतं. तुमी बोललाव तसंच झालं. आता उन्हाल्यात टँकरच्या मागं धावायला नको."

आभानं ओंजळ धरली. पाणी गढूळ होतं आणि हातावर मुरमाचे कण राहिले. तिनं हात वडिलांपुढे केला. त्यांनी कण बोटांनी चुरले.

"मावशी, हा झरा नाही," आभा म्हणाली. "डोंगर आतून सुटतोय. सुनेला, बाळाला घेऊन आत्ताच्या आत्ता खाली शाळेत चला."

"काय बोलतेस बाय? चर हायत तवर घराला भेव नाय. सायबांनी सांगलंय."

आभानं वडिलांकडे पाहिलं. आता एक शब्द त्यांनी बोलायचा होता. ते भिंतीला टेकवलेली टिकाव-घमेली उचलून डोंगर चढू लागले. तिला रडू आलं, रागही आला. सत्तरी ओलांडलेला माणूस चिखलात सरपटत वर चाललाय, आणि त्याला थांबवायचं त्राणसुद्धा आपल्यात उरलेलं नाही, हे तिला स्वच्छ कळलं. तीही मागोमाग चढली.

वरच्या चरापाशी ते थांबले. गवत बाजूला करून तिथंच पडलेली एक काठी रेघेत घातली. काठी मुठीपर्यंत आत गेली.

"भेगेजवळ खणायचं नाही," आभा म्हणाली. "ओहोळाच्या बाजूनं चर फोडू. पाणी तिकडं निघून जाईल."

पहिला घाव त्यांनीच घातला. बांध त्यांनी असा घट्ट बांधून घेतला होता की फुटता फुटेना. घडवणारा कसलेला असला की मोडणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. दोघं आळीपाळीनं खणत राहिली. शेवटी माती सरकली आणि उन्हाळाभराची मेहनत तांबडी होऊन ओहोळात उतरली. मग खालचा चर, मग त्याच्या खालचा. आभाच्या हाताला फोड आले. वडील एकदाही बसले नाहीत.

भेग होती तशीच होती. डोंगर आज पडेल, उद्या पडेल, की कधीच पडणार नाही, ते कुणाला सांगता आलं नसतं.

दोघं खाली आली तेव्हा सून बाळाला घेऊन दारात उभी होती. कमळाबाईंनी वरून आलेलं पाणी पाहिलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या गोंधळल्या होत्या.

"फोडलाव सायेब? पुढच्या उन्हाल्यात परत खनू या ना?"

"नाही, कमळाबाई." चारुदत्तांनी टोपी काढली. "मी चुकलो. ही जागा सोडा. आज शाळेत चला, आणि पुन्हा इथं राहायला येऊ नका. बाळाला इथं ठेवू नका."

कमळाबाईंनी घराकडे पाहिलं, मग हंड्याकडे. आत जाऊन त्यांनी बाळाची दुपटी आणि देव फडक्यात बांधले. बाहेर येऊन दाराला कडी घातली आणि मग विचारलं.

"पन सायेब, असं व्हतं तं खनलाव कशाला?"

आभा पुढं झाली. कोकणातली माती, माणातली माती, पावसाचं मान, सगळं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. वडिलांनी तिचा हात धरून तिला थांबवलं.

"मला दुसरं काही येत नाही, बाई," ते म्हणाले. मग त्यांनी कमळाबाईंच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि शाळेच्या वाटेला लागले.